सर्व्हर चालू होता

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर मी दिवसभर यंत्रांना विचारायचे, "आहेस का?" आणि ती सांगायची, "आहे." एवढ्यावर माझं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं. लग्नाकार्यात कोणी विचारलं की मी हे असंच सांगायचे. समोरचा माणूस हसायचा आणि मग विचारायचा, "ते झालं, पण खरं काम काय?" तेव्हा मीच गोंधळात पडायचे, कारण खरं काम हेच होतं. आता निवृत्त होऊन घरी बसले तरी तो गोंधळ मिटलेला नाही. लिहिताना काही उलगडलं तर बरंच आहे, नाही उलगडलं तर निदान तुम्हालाही थोडा वाटून देता येईल.

मी मूळची श्रीरामपूरची, मास्तरांची मुलगी. लग्न होऊन नगरला आले आणि सावेडीत शकीलभाईंच्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. शकीलभाईंचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, हे कॉम्प्युटर दुरुस्त करता करता या धंद्यात आले. आमची गिऱ्हाईकं सगळी जिल्ह्यातली. शाळा, दवाखाने, दुधाची संकलन केंद्रं, व्यापारी, एक-दोन ग्रामपंचायती. सर्व्हर म्हणजे ज्यात त्यांची सगळी माहिती राहते आणि मागेल त्याला जो ती काढून देतो, तो कॉम्प्युटर. कुणाचा पुण्यात, कुणाचा मुंबईत, तर कुणाचा स्वतःच्याच ऑफिसात जिन्याखाली चपलांच्या शेजारी. तो बंद पडला तर मालकाच्या आधी आम्हाला कळलं पाहिजे, यासाठी आमची नेमणूक.

हे कळायचं कसं? वडील वर्गात हजेरी घ्यायचे, अगदी तसंच. आमचं एक यंत्र थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक सर्व्हरचं नाव पुकारतं. त्याने "हजर" म्हटलं की माझ्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. नाही म्हटलं तर लगेच बोंब मारायची नाही, पुन्हा पुकारायचं, कारण कधीकधी हाक वाटेतच हरवते. तरीही गप्प राहिला तर ठिपका लाल, आणि माझा मोबाईल कोकलायला लागतो. पण नुसतं "हजर" म्हणणाऱ्या पोराचं फळ्याकडे लक्ष आहे का खिडकीबाहेर, हे हजेरीत कुठे कळतं? म्हणून पुढची पायरी, त्याला एखादं पान उघडून दाखवायला सांगायचं. त्याच्या पुढची, त्या पानावर ठरलेला शब्द आहे का ते बघायचं. एका शाळेच्या पानावर आम्ही शाळेचं नाव शोधायचो. एकदा आतलं सगळं कोसळलं आणि पान आलं ते असं : वर शाळेचं ठसठशीत नाव, खाली "तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व". नाव सापडलं, ठिपका हिरवाच राहिला. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना आत्मविश्वासाने सांगत होते की सगळं उत्तम आहे.

याच्या उलटही व्हायचं. श्रीरामपूरला कापसाचे एक व्यापारी होते, चंदूशेठ. ते आठवड्यातून एकदा तरी ओरडत, "मॅडम, सर्व्हर पडला तुमचा!" मी म्हणायचे, "शेठ, इथे हिरवा आहे." ते म्हणायचे, "मग मी काय आंधळा आहे?" दोघंही आपापल्या जागी बरोबर. शेवटी शोध लागला की त्यांच्या घरात इंटरनेटच्या डब्याचा प्लग काढून तिथे मिक्सर लावत असत. शेंगदाण्याचा कूट करायला घेतला की यांच्यापुरता सर्व्हर पडायचा. आणि एकदा तर माझ्या स्क्रीनवरचे झाडून सगळे ठिपके एकदम लाल झाले. जिल्हाभरचे सर्व्हर एका क्षणी कसे मेले, मला घाम फुटला. शकीलभाईंनी शांतपणे खिडकीतून खाली बघितलं. रस्त्यात जेसीबी उभा होता आणि त्याच्या दातात आमची केबल लोंबत होती. जग सगळं ठीक होतं, आम्हीच बंद पडलो होतो.

शकीलभाई तेव्हा म्हणाले, "ताई, आपण हजेरी घेतो. पोरगं हुशार आहे का ढ, ते आपल्याला विचारू नये." मी हे वाक्य पुष्कळ दिवस मनात धरून होते. आप्पांचा फोन येईपर्यंत ते पुरलंही.

आप्पांचं गाव जामखेडकडे, खर्ड्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून मला फोन करतात. गावाला एक विहीर, विहिरीवर मोटर, आणि वस्तीत उंच टाकी. पाणी सोडायचं काम आप्पांचं. आप्पा म्हणजे ग्रामपंचायतीचे जुने कर्मचारी, डोक्याला टोपी, बोलणं मोजकं. पूर्वी मोटरही तेच लावत. पण ते अमक्या गल्लीला जास्त पाणी देतात, तमक्याला कमी, अशी भांडणं फार वाढली आणि पंचायतीने सगळं आपोआप चालणारं करून घेतलं. टाकीच्या तोंडाशी, झाकणाच्या जरा खाली वाटीएवढा एक सेन्सर बसला. तो खाली पाण्याकडे तोंड करून आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी किती खाली आहे ते ओळखतो. तो आकडा सर्व्हरकडे जातो. टाकी रिकामी होत आली की सर्व्हर मोटर लावतो, भरली की बंद करतो. हाताने मोटर लावायच्या पेटीला कुलूप घातलं गेलं आणि किल्ली ग्रामसेवकांकडे. आप्पांकडे राहिलं फक्त गल्ल्यांचे वॉल्व सोडणं.

यातला माझ्या वाट्याचा भाग म्हणजे सर्व्हरला हाक मारणं. शिवाय मी हौसेने एक जास्तीची तपासणी लावली होती. टाकीचा आकडा फार वेळ एकाच जागी खिळून राहिला तर मला कळावं, कारण जिवंत टाकीतलं पाणी हलतं, कमी-जास्त होतं. आकडा खिळला म्हणजे सेन्सर मेला. ही युक्ती माझी स्वतःची, आणि मला तिचा बराच अभिमान होता.

एका वर्षी दसरा झाला आणि काही दिवसांनी ग्रामसेवक भाऊसाहेबांचा फोन आला. मधल्या काळात सर्व्हर बंद पडला होता का, तसं पत्र पाहिजे होतं. मी बघितलं. क्षणभरही पडला नव्हता. मी लिहून दिलं, "सदर काळात सर्व्हर अखंड चालू होता." शब्द न शब्द खरा. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा उघडला तोच अनोळखी नंबरवरून फोन.

"तुमीच का त्या सर्व्हरवाल्या ताई?"

"हो. आपण कोण?"

"मी आप्पा. टाकीवरचा. तुमच्या कागदावर नंबर हाय म्हनून लावला. ताई, तुमी लिवलंय सर्व्हर चालू हुता."

"होता ना."

"आन् त्यो म्हन्तो टाकी भरलीया."

मी स्क्रीनवर बघितलं. सत्त्याण्णव टक्के. "हो आप्पा, भरलेलीच दिसतेय."

"मी आत्ता वर चढून उतरलोय. बुडाला पानी हाय निस्तं. आता तुमी सांगा, खोटं कोन बोलतंय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत नळ कोरडे पडले. आप्पा म्हणाले टाकी रिकामी आहे, मोटर लावा. भाऊसाहेबांनी मोबाईल काढून दाखवला, टाकी भरलेली. म्हणजे आप्पा वॉल्व सोडत नाहीत. म्हणजे रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला पाणी देतात. आप्पांनी सगळ्यांदेखत वॉल्व सोडला, थेंब आला नाही. मग लोकांनी ठरवलं पाइप चोक झालाय, आणि चांगला रस्ता दोन ठिकाणी खणला. पाइप स्वच्छ निघाला. आप्पांनी टाकीच्या आतला फोटो काढून आणला, तर त्यात सगळा अंधार. भाऊसाहेबांचे गुडघे शिडी चढण्यातले नव्हते, आणि बाकीच्यांचं म्हणणं असं की मोबाईलवर दिसतंय तर चढायचं कशाला? त्यात आप्पांचा नुकताच मोतीबिंदू काढलेला. त्यामुळे त्यांनी डोळ्यांनी बघितलं म्हटलं की लोक त्यांच्या डोळ्यांकडेच बघत.

"येत्या ग्रामसभेत मला काढून टाकनार हायत," आप्पा म्हणाले. "नोटिशीला तुमचा कागद जोडलाय." मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, मला आता वाटाया लागलंय, बिघाड माझ्याच डोळ्यात आसंल. टाकीत पानी आसंल, मलाच दिसत नसंल. आसं हुतं का वो?"

मला फार वाईट वाटलं. चोर म्हटलं गेल्याचं दुःख एक वेळ समजतं, पण आयुष्यभर ज्या टाकीत वाकून बघितलं तिच्यातलं पाणी आपल्याला दिसत नसेल, असं एखाद्याला वाटायला लावणं मला सोसेना. आणि ते माझ्या खऱ्या पत्राने घडवलं होतं. डबा तसाच बंद करून मी शकीलभाईंकडे गेले.

"आपलं पत्र खरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे."

"मग काय अडचण आहे?"

"तीच तर अडचण आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "जा मग ग्रामसभेला. पण सर्व्हरपुरतंच बोला, ताई. पाण्यात उतरू नका."

नगरहून जामखेडची एसटी धरली. पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टर मात्र "नगर-नगर" असंच ओरडतो. वाटेत मी विचार करत होते आणि जितका करत होते तितकी गुंतत होते. सर्व्हर ओ देतो. आकडा ताजा येतो. खिळलेला नाही, कधी सत्त्याण्णव, कधी अठ्ठ्याण्णव, मधेच शहाण्णव. म्हणजे सेन्सर जिवंत. म्हणजे पाणी आहे. पण पाणी नाही. कुठल्याही टोकाने सुरुवात केली तरी तिथेच येऊन आपटत होते.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर होती. बायका हंडे घेऊनच आल्या होत्या, कुणाला दाखवायला कोण जाणे. आप्पा खांबाला टेकून उभे. सरपंचताई चाळिशीच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी पाल्हाळ न लावता विचारलं, "म्याडम, येकच सांगा. सर्व्हर चालू हुता का बंद?"

"चालू होता."

भाऊसाहेबांनी लगेच लिहायला घेतलं. आप्पांनी मान खाली घातली. माझ्या उत्तरात काहीही चूक नव्हती आणि मला ते तोंडातून परत ओढून घ्यावंसं वाटलं.

"थांबा," मी म्हटलं. "चालू होता म्हणजे मी हाक मारली की तो ओ देत होता. त्याला जो आकडा मिळाला तो पुढे सांगत होता. आकडा खरा का खोटा, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही, विचारायची सोयही नाही. मला टाकी बघायची आहे."

"मोबाईलवर दिसतीया की!" मागून कोणीतरी म्हणालं.

तरी सगळे आले. इतकी वर्षं ती टाकी माझ्यासाठी एक ठिपका आणि एक आकडा होती, त्यामुळे ती इतकी उंच असेल असं मला वाटलंच नव्हतं. आप्पा मला लावलेला फोन स्पीकरवर खिशात ठेवून लोखंडी शिडीने वर गेले. खाली मी मोबाईलवर आकडा धरून उभी, एका बाजूला सरपंचताई, दुसरीकडे भाऊसाहेब.

"आप्पा, झाकण उघडलंत?"

"व्हय."

"सेन्सरच्या तोंडाखाली हात धरा. अगदी जवळ. धरूनच ठेवा."

आकडा यायला थोडा वेळ लागतो. सगळे माझ्या मोबाईलवर वाकले. शंभर.

"हात काढा." पुन्हा थांबलो. सत्त्याण्णव.

माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण नीट धरता येईना. याला हात कळतो, पाणी कळत नाही. मग हात काढल्यावर याला काय कळतंय?

"आप्पा, त्याच्या खाली अजून काय आहे?"

"काय न्हाई, ताई."

"नीट बघा. काहीही असेल ते सांगा."

"काय न्हाई वो. मशीन हाय आन् त्याची माळ हाय."

"कसली माळ?"

"खंडेनवमीची. झेंडूची. आता सुकलीया."

आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. कोयता, नांगर, शिलाई मशीन, टेम्पो. आमच्या ऑफिसातही शकीलभाई स्वतः जाऊन झेंडू आणत आणि मी कीबोर्डला कुंकू लावायचे. आप्पांनी मोटरची केली, पेटीची केली, आणि शिडी चढून या वाटीएवढ्या सेन्सरलाही माळ घातली. ती हातभर खाली लोंबत होती. सेन्सर बिचारा इमानाने आवाज सोडत होता, आवाज माळेवर आपटून लगेच परत येत होता, आणि तो सांगत होता की पाणी अगदी जवळ आहे. झाकणाच्या फटीतून वारा आला की माळ हलायची, आकडाही हलायचा. आणि तिकडे सावेडीत बसून मी म्हणत होते, पाणी जिवंत आहे.

"आप्पा, ती माळ काढा."

वरून आप्पा म्हणाले, "पूजेची हाय, ताई. आशी कशी वरबाडू?"

"पाया पडा आणि काढा."

ते टोपी काढून वाकलेले खालून दिसले. आम्ही सगळे मोबाईलकडे बघत राहिलो. आकडा बदलला. चार टक्के. आणि कोणी काही बोलायच्या आत तिकडे विहिरीवर मोटर आपोआप सुरू झाली. तो आवाज ऐकून बायका हंडे उचलून निघाल्याच. मला रडू आलं, का ते सांगता यायचं नाही.

आप्पा सुकलेली माळ दोन्ही हातांत घेऊन उतरले. कोणी त्यांची माफी वगैरे मागितली नाही. उलट भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे दोष आप्पाचाच की. माळ घातली कुणी?"

"मीच," आप्पा म्हणाले. "समद्या मशीनला घातली. ह्यालाच सोडलं आसतं तर बरं दिसलं आसतं का?"

त्यांना खरंच उत्तर हवं होतं, असा त्यांचा चेहरा. मी त्यांची कड घ्यावी तर कशी घेऊ, तेच कळेना. ज्या यंत्राने त्यांना खोटं पाडलं, त्याला त्यांनीच प्रेमाने माळ घातली होती.

सरपंचताई त्या माळेकडे बघत होत्या. "माळा मी गुंफून दिल्या हुत्या," त्या म्हणाल्या. "मीच म्हनले हुते, येकबी मशीन सोडू नका. आता मलाबी नोटीस काढा, भाऊसाहेब."

लोक हसले. भाऊसाहेबांनी नोटीस घडी करून पिशवीत घातली. मग इतिवृत्त पुरं करायला मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "म्याडम, लिहायला लागेल. बंद नेमकं काय होतं?"

मी बोटावर मोजायला लागले. सर्व्हर चालू. इंटरनेट चालू. सेन्सर चालू, आणि माळ कुठे आहे हे त्याने अचूक सांगितलं होतं. मोटर ठणठणीत. आप्पांचे डोळे ठीक. माझी तपासणी चालू. "काहीच बंद नव्हतं," मी म्हटलं. त्यांनी शेवटी काय लिहिलं ते मला माहीत नाही.

परत येऊन मी शकीलभाईंना सांगितलं की हजेरीबरोबर दुसरंही काहीतरी विचारायला हवं. काय विचारायचं, ते मात्र दोघांनाही नीट सांगता येईना. पाणी मोजणाऱ्याला मोजायला दुसरा सेन्सर ठेवावा, तर त्याला मोजायला तिसरा. आप्पांनी तो प्रश्न त्यांच्या परीने सोडवून टाकला. दर सोमवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, "ताई, आकडा सांगा." मी सांगायचे. ते वर चढून बघायचे आणि कळवायचे, "बराबर हाय." करारात याला जागा नव्हती, महिन्याच्या अहवालात रकाना नव्हता. मी निवृत्त होईपर्यंत हे चाललं.

यंदा खंडेनवमीला सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, औंदा माळ कुठं घालू?"

"शिडीच्या खालच्या पायरीला घाला."

"आन् मशीनला?"

"त्याला नुसतं कुंकू लावा. पाठीला. तोंडाकडे हात नको."

"बरं. आता आकडा सांगा."

"आप्पा, मी आता घरी असते. माझ्याकडे स्क्रीन नाही. ऑफिसात नवीन मुलगी आहे, तिला विचारा."

"इचारलं. ती म्हनली चालू हाय. थांबा तुमी. बघून सांगतो."

फोन खिशात गेला असावा. शिडीवर चपलांचा आवाज, मधेच दम खाणं, मग लोखंडी झाकण सरकल्याचा आवाज. मी कानाला फोन लावून स्वयंपाकघरात उभी होते. समोर ना ठिपका, ना आकडा, ताडून बघायला काहीच नव्हतं.

"निम्मी हाय, ताई," आप्पा वरून म्हणाले.

मी म्हटलं, "बरं."